यूकेतल्या घरात लॉफ्ट बोर्डिंग करताय? आम्ही दोनदा केलं, तुम्ही एकदाच करा

यूकेत पहिलं घर घेतलं की साधारण सहा महिन्यांत सगळ्यांचं एकच होतं. किल्ली मिळालेली असते, फर्निचर लागलेलं असतं आणि मग भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा, गणपतीचं मखर, मुलांचे लहान झालेले कपडे, पाहुण्यांच्या गाद्या हे सगळं कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो. इथल्या घरात कपाटं कमी, गॅरेज असलं तर ते आधीच भरलेलं. मग कोणीतरी वरचं हॅच (छतातलं झाकण) उघडून बघतं आणि वर आख्ख्या घराएवढी रिकामी जागा दिसते, नुसती ऊब राखायची पिवळी लोकर (इन्सुलेशन) अंथरलेली. लगेच शनिवारी दुकानातून फळ्या आणायच्या नि टाकायच्या असं ठरतं.

आम्हीही तेच केलं. मिल्टन कीन्समधलं १९८० च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी जोडलेलं घर), फळ्या आणल्या, लोकर दाबून जॉइस्टवर, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांवर, थेट ठोकल्या, दोन दिवसांत काम संपलं आणि फार आनंद झाला. जानेवारीत बॅग काढायला वर गेले तर बॅगेचं खालचं कापड ओलसर लागलं, फळी उचलून बघितली तर खालच्या बाजूला पाण्याचे थेंब आणि काळे ठिपके. सगळं उचकटून परत केलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यातून काढा. आपल्याकडे माळा म्हटलं की गावच्या घरचा माळा आठवतो, जाड तुळया, त्यावर फळ्या आणि वर भाताची पोती. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधला लॉफ्ट तर काँक्रीटचा, त्यात पिंप ठेवा नाहीतर ट्रंक ठेवा. इथला लॉफ्ट तसा नाही. इथे तुम्हाला जी जमीन वाटते ते खालच्या बेडरूमचं छत आहे, प्लास्टरबोर्ड आणि त्याला धरून ठेवणारी बारीक लाकडं. ती लाकडं सामान ठेवायला म्हणून घातलेलीच नसतात. पुढचं सगळं यातूनच येतं.

१. लॉफ्ट तुमचा आहे का ते आधी बघा

हे ऐकायला विचित्र वाटतं पण वरच्या मजल्यावरचा फ्लॅट किंवा मेझनेट घेतला असेल तर हॅच तुमच्या घरात असलं तरी वरची जागा फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) असू शकते. लीजमध्ये लॉफ्ट तुमच्या नावावर दिलाय का, फक्त वापरायची परवानगी दिलीय का, की काहीच लिहिलेलं नाही हे बघा, समजत नसेल तर ज्या सॉलिसिटरने खरेदी केली त्यालाच ईमेल टाका. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी, तोंडी नको.

नवीन बांधलेलं घर असेल तर बिल्डरने दिलेली फाइल वाचा. साधारण पहिली २ वर्षं दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची असते आणि वॉरंटी १० वर्षांची असते, आणि लॉफ्टमध्ये काही केलं तर काय होईल हे त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन वर्षं थांबता आलं तर थांबा, नवीन घराचं लाकूड आणि प्लास्टर वाळत असताना वर हवा खेळती राहिलेली बरी.

सुरू करण्याआधी एवढे कागद काढून ठेवा:

- लीज किंवा टायटलचे कागद
- घर घेताना केलेला सर्व्हे रिपोर्ट (त्यात लॉफ्टवर एक परिच्छेद असतोच, तो कोणी वाचत नाही)
- नवीन घर असेल तर बिल्डरची फाइल आणि वॉरंटी
- वायरिंगचं शेवटचं सर्टिफिकेट
- होम इन्शुरन्सची पॉलिसी

आणि काउन्सिल. सामान ठेवायला थोड्या फळ्या टाकणं आणि खोली करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फळ्या टाकल्या तरी लाकडांवर जादा वजन येणार म्हणून बिल्डिंग रेग्युलेशनची परवानगी लागू शकते, काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला एक फोन केला की ते सांगतात. खोली करायची असेल, म्हणजे कोणी तिथे राहणार, झोपणार, तर मग मजला नव्याने मजबूत करणं, पक्का जिना, आगीपासून बचाव हे सगळं आलं आणि तो पूर्ण वेगळा विषय आहे, हा लेख त्यासाठी नाही.

२. पहिल्या दिवशी वर जा आणि फक्त बघा

एक रुंद मजबूत फळी घेऊन जा, ती दोन-तीन जॉइस्टवर आडवी टाका आणि तिच्यावरच गुडघे टेका. लोकरीखाली जॉइस्ट दिसत नाहीत, पाय मधे पडला की सरळ प्लास्टरबोर्ड फोडून खालच्या खोलीत. डोक्याला लावायचा टॉर्च, चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून जा, ती लोकर अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही.

काय काय बघायचं?

छताची रचना. वर सगळीकडे डब्ल्यू आकाराची तिरकी लाकडं दिसत असतील आणि सांध्यांवर दात असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतील तर ती ट्रस पद्धत, १९६० च्या दशकानंतरच्या बहुतेक घरांत हीच. यातली लाकडं बारीक असतात, आमच्याकडची खालची लाकडं जेमतेम ३५ मिलिमीटर रुंद आहेत आणि दोन लाकडांत ६०० मिलिमीटर अंतर. ट्रसचं एकही लाकूड कापायचं नाही. मधे येतंय, डोक्याला लागतंय, हॅच मोठं करायचंय, काहीही कारण असो, नाही म्हणजे नाही, आख्खं छप्पर त्या तिरक्या लाकडांवर तोललेलं असतं. जुन्या व्हिक्टोरियन घरांत वासे आणि जॉइस्ट वेगवेगळे असतात, अंतर साधारण ४०० मिलिमीटर, मधली जागा मोकळी मिळते, पण तिथे खालचं छत बऱ्याचदा लाकडाच्या पट्ट्यांवर चुना-प्लास्टर केलेलं असतं आणि ते हादऱ्याने तुकड्यातुकड्याने पडतं.

अ‍ॅस्बेस्टॉस. जुन्या बांधकामात वापरलेलं, धूळ श्वासात गेली तर घातक असं हे साहित्य. यूकेत त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्यामुळे २००० च्या आधीचं घर असेल तर जुनी पाण्याची टाकी, बॉयलरचा जुना करडा पाइप आणि दाणेदार चमकणारं सुटं इन्सुलेशन दिसलं तर हात लावू नका, हलवू नका, आधी तपासून घ्या.

वटवाघळं. काळी कोरडी लेंडी दिसली, उंदराच्या लेंडीसारखी पण चिमटीत धरली की भुगा होणारी, तर काम तिथेच थांबवा. इथे सगळ्या जातीच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, ती राहतात त्या जागेला धक्का लावणं हा गुन्हा आहे, मग ती त्या वेळी तिथे असोत वा नसोत. बॅट कन्झर्वेशन ट्रस्टची हेल्पलाइन आहे, तिथे विचारा.

बाथरूमचा पंखा. आमच्याकडे त्याचा लवचिक पाइप लॉफ्टमध्येच सुटून पडलेला होता, म्हणजे चार जणांच्या आंघोळीची सगळी वाफ रोज वर. तो आधी छपराबाहेर नीट जोडून घ्या, याच्याशिवाय बाकी कशाला अर्थ नाही.

आणि ओल. छपराच्या आतल्या काळ्या फेल्टवर डाग, खिळ्यांच्या टोकांना गंज, लाकडावर बुरशी असेल तर फळ्या टाकून ती झाकली जाईल, जाणार नाही.

३. वजनाचा हिशोब कागदावर मांडा

ट्रसच्या घरात सामानासाठी साधारण २५ किलो प्रति चौरस मीटर एवढंच वजन धरलेलं असतं. दुरुस्तीला एखादा माणूस वर जाईल एवढं वेगळं धरलेलं असतं. आता १८ मिलिमीटरच्या चिपबोर्डचंच (भुसा दाबून केलेल्या फळीचंच) वजन चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास आहे, आणि मी तेही त्या २५ मधूनच गेलं असं धरते.

म्हणजे समजा ३ मीटर बाय २ मीटरचा तुकडा केला. ६ चौरस मीटर, एकूण १५० किलो. फळ्यांचे ७२ गेले, राहिले ७८. विमानाच्या २३ किलोच्या भरलेल्या बॅगा यात तीनच बसतात, चौथीला जागा नाही! हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा नवऱ्याला वाटलं चुकलंय काहीतरी, त्याने परत केलं, तेच आलं. आमच्या आधीच्या लॉफ्टमध्ये पुस्तकांची नऊ खोकी होती.

म्हणून वर जायला पाहिजे ते हलकं आणि मोठं: रिकाम्या बॅगा (एकात एक घालून), मखर, कंदील, तंबू, ख्रिसमस ट्री, उश्या. पुस्तकं, टाइल्स, पितळेची भांडी, जिमची वजनं खालीच. खालच्या खोलीच्या छताला नवीन भेगा पडायला लागल्या किंवा दरवाजे अडकायला लागले तर सामान लगेच उतरवा. जुन्या घरात लाकडांच्या मापावर नि लांबीवर सगळं अवलंबून असतं, तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा बोलवून विचारलेलं बरं.

४. लोकर दाबायची नाही, फळ्या उचलायच्या

आमची चूक इथे झाली. आज इथे लॉफ्टमध्ये २७० मिलिमीटर जाडीची मिनरल वूल घालायला सांगतात, आणि ट्रसचं लाकूड असतं जेमतेम १०० मिलिमीटर उंच. लाकडावर थेट फळी टाकली की २७० ची लोकर १०० मध्ये चेपली जाते. लोकर ऊब धरते ती तिच्यातल्या हवेमुळे, चेपली की हवा गेली. मग खालची ऊब वर निसटते, वरची फळी बाहेरच्या थंडीने गार, आणि आपल्या घरातली दमट हवा त्या गार फळीला खालून लागली की तिचं पाणी होतं. आपल्या घरात वाफ जास्तच असते, कुकरच्या शिट्ट्या, चहा, घरात वाळत घातलेले कपडे. हॅचच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून ती वर जातच असते.

उपाय सोपा आहे, फळ्या पायांवर घ्यायच्या. प्लास्टिकचे लॉफ्ट लेग मिळतात, १७५ मिलिमीटर उंचीचे, ते जॉइस्टवर स्क्रूने बसवायचे आणि त्यांच्यावर फळी. १०० अधिक १७५ म्हणजे २७५, लोकर न दाबता बसते. धातूच्या आडव्या पट्ट्यांची पद्धतही आहे, ती महाग पण जास्त भक्कम, आणि वर थोडी हवा खेळायला जागा राहते. कोणी फिटर 'थेट टाकून देतो, स्वस्तात होईल' म्हणाला तर नको म्हणा. आमच्या शेजाऱ्यांकडे एकाने तसंच करून दिलं आणि वर उरलेली लोकर कचऱ्यात घालून गेला, त्यांना ती परत विकत घ्यावी लागली.

५. काय काय लागतं

- १८ मिलिमीटरचे खाचा असलेले चिपबोर्ड लॉफ्ट पॅनेल, १२२० बाय ३२० मापाचे. मोठे २४०० चे बोर्ड स्वस्त पडतात पण हॅचमधून जात नाहीत, घेण्याआधी हॅच मोजा
- लॉफ्ट लेग आणि त्यांचे स्क्रू, कमी पडायला नकोत म्हणून दहाएक जास्त
- फळ्यांसाठी ४०-५० मिलिमीटरचे स्क्रू
- कॉर्डलेस ड्रिल, दोन बॅटऱ्या
- जिगसॉ किंवा साधी करवत, टेप, पेन्सिल, लेव्हल
- गुडघ्यांचे पॅड (हे विसरू नका, दुसऱ्या दिवशी उभं राहता येत नाही)
- कमी पडत असेल तर १७० मिलिमीटरची लोकर
- हॅचला लावायची फोमची पट्टी

फळ्या एक दिवस आधीच वर नेऊन ठेवा म्हणजे तिथल्या हवेला सरावतात. कापाकापी मात्र खाली बागेत करा, वर कापलीत तर भुसा लोकरीत जातो आणि श्वासात पण.

६. हॅच आणि शिडी आधी, फळ्या नंतर

बरेच जण शिडी शेवटी लावतात आणि तोपर्यंत घरातली घडीची शिडी वापरतात, तिच्यावरून एका हातात फळी घेऊन चढणं हेच या कामातलं सगळ्यात धोक्याचं आहे. अ‍ॅल्युमिनियमची दोन किंवा तीन भागांची सरकती शिडी घ्या, १५० किलो भार सांगितलेली. ती उघडताना वरच्या बाजूला केवढी जागा लागते ते पाकिटावर असतं, ट्रसचं तिरकं लाकूड तिच्या वाटेत येतंय का ते आधी मोजा. हॅचच्या झाकणावरही इन्सुलेशन चिकटवा आणि कडेने फोमची पट्टी लावा, दमट हवा वर जायची सगळ्यात मोठी वाट तीच आहे.

७. प्रत्यक्ष फळ्या

आधी जॉइस्टमधली लोकर नीट पसरून घ्या, भेगा राहू देऊ नका. मग हॅचजवळून सुरुवात करून जॉइस्टवर लॉफ्ट लेगचे पाय बसवत जा, अंतर पाकिटावर दिलंय तेच ठेवा, कमी पाय लावून पैसे वाचवायला जाऊ नका. पाय ओळीत आहेत ना ते दोरी धरून बघा. मग लोकरीचा दुसरा थर जॉइस्टला आडवा, पायांच्या मधून, आणि त्यावर फळ्या.

फळ्या जॉइस्टला आडव्या जातात. पहिली ओळ सरळ आली की पुढचं सगळं सरळ येतं, त्यामुळे तिला वेळ द्या. पुढच्या ओळीचे सांधे विटांच्या भिंतीसारखे एकाआड एक आणायचे आणि प्रत्येक सांधा पायावर टेकलेला हवा, हवेत नको. थोडं कापावं लागलं तर कापा. हातोडा वापरायचा नाही, सगळं स्क्रूनेच, ठोकाठोकीने खालच्या छताचं प्लास्टर सुटतं.

वायर किंवा पाइप जिथून जातोय तिथे फळीवर मार्करने लिहून ठेवा, आणि तिथली फळी दोनच स्क्रूंवर ठेवा म्हणजे पुढे कधी प्लंबरला उघडता येईल.

छपराच्या कडेपर्यंत जाऊ नका. वळचणीतून हवा आत येते तिथे निदान ५० मिलिमीटरची फट मोकळी राहायलाच हवी, लोकरीनेही ती बुजवायची नाही. तसंही कडेला उंची एवढी कमी असते की तिथे काही ठेवलं तरी परत काढायला कोणी जात नाही. आम्ही दुसऱ्या वेळेला फक्त मधला पट्टा केला, आधीच्या निम्माच, आणि तो पुरतोय.

८. वायरी आणि दिवा

लोकरीखाली गाडलेली वायर तापते. विशेषतः इलेक्ट्रिक शॉवरची जाड वायर, ती लोकरीच्या वर मोकळी राहील अशी घ्या, ओढून ताणून नाही, ढील असेल तरच, नाहीतर इलेक्ट्रिशियनला सांगा. खालच्या खोलीत छतात बसवलेले दिवे असतील तर त्यांच्यावर वरून टोप्या मिळतात त्या घाला, नुसती लोकर टाकू नका.

वर एक दिवा हवाच. आहे त्या लाइटिंगच्या सर्किटवरून एलईडी बॅटन (लांब पट्टीचा दिवा) घेणं हे छोटं काम आहे, पण ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि स्विच खाली हॅचजवळ घ्या. बेडरूममधून एक्स्टेन्शन वर नेऊन कायमचं ठेवू नका.

९. छंदासाठी बसायचं असेल तर

मी वर आकाशकंदील करते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथली हवा वर बसायला छान असते, ना उकाडा ना कडाका, बांबूच्या काड्या मिळत नाहीत म्हणून बाल्सा लाकडाच्या पट्ट्या आणते, पतंगाचा कागद आईने पाठवलेला. छपरावर पावसाचा बारीक आवाज येत असतो आणि खाली घरात काय चाललंय ते पुसट ऐकू येतं, घरातली माझी सगळ्यात आवडती जागा आहे ती. पण नियम ठरवलेत आणि ते पाळतो.

एका वेळी एकच माणूस. बसायला पातळ चटई, टेबल नाही, एक हलकं घडीचं चौरंगासारखं स्टँड आहे. हॅचच्या तीन बाजूंनी लाकडी कठडा करून घेतलाय, कामात असताना मागे सरकून खाली पडणं फार सोपं आहे. स्मोक अलार्म वर लावलाय आणि तो खालच्या अलार्मशी जोडलेला आहे. हीटर, मेणबत्ती, सोल्डरिंग, ग्लू गन यातलं काही वर नाही, चिकटवायला साधी खळ. आणि मुलं मोठ्या माणसाशिवाय वर येत नाहीत, शिडी बंद करून दांडा उंचावर ठेवलेला असतो.

तुमचा छंद जड असेल, शिलाई मशीन, ड्रम, लाकूडकाम, किंवा रेल्वेचं मोठं मॉडेल, तर इंजिनियरशिवाय सुरूच करू नका.

१०. वर काय ठेवू नये

उन्हाळ्यात लॉफ्ट भट्टीसारखा तापतो आणि हिवाळ्यात बाहेरच्याएवढाच गार असतो. पैठणी आणि सिल्कच्या साड्या नकोत, लग्नाचे अल्बम नकोत, तबला तर अजिबात नको, चामडं दमट हवेत ढिलं पडतं आणि उन्हाळ्यात ताणून तडकतं. शाडूची मूर्ती ओल धरते. लोणचं, पापड, मसाल्याच्या पिशव्या उंदरांना बोलावतात. रंगाचे डबे, गॅसचे छोटे सिलिंडर, जुन्या बॅटऱ्या नकोत. पासपोर्ट आणि कागदपत्रांची फाइल खालच्या कपाटात.

जे ठेवाल ते झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात नाही, आणि डब्याच्या दोन बाजूंना मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा. आमच्या मखराच्या डब्यावर 'मखर – आधी हा काढा' असं लिहिलंय कारण तो वर्षातून एकदाच लागतो आणि नेमका सगळ्यात मागे गेलेला असायचा.

पहिल्या हिवाळ्यात जानेवारीच्या एखाद्या कडक थंडीच्या सकाळी टॉर्च घेऊन वर जा, ती दोन स्क्रूंची फळी उचला आणि खालून हात फिरवून बघा. हात कोरडा आला पाहिजे. ओला आला तर बाथरूमचा पंखा आणि हॅचची पट्टी, या दोन ठिकाणी आधी बघा.